ओल्या केसांचा पांदेलीस

पांदेलीसने वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी बाई ठेवली आहे, ही बातमी लिम्नोस बेटावरून आलेल्या ग्रीकांच्या लिम्नोसकर मंडळात पहिल्यांदा कुजबुजली गेली ती ऑस्ट्रेलियातल्या जूनच्या कडक थंडीत, आणि कुजबुजणारा होता थ्रासोस. कुजबूज आपली म्हणायची. थ्रासोसने बत्तीस वर्षं मेलबर्नच्या ट्राममध्ये कंडक्टरकी केलेली. त्याची कुजबूज मागच्या दाराशी लोंबकळणाऱ्या माणसालाही स्पष्ट ऐकू जायची.

"मंगळवारी आणि शनिवारी," तो म्हणाला. "बरोबर दहाला. दाढी गुळगुळीत, हातात पिशवी. समोरच्या थांब्यावरून ट्राम पकडतो. बाराला परत. आणि परत येतो तेव्हा," इथे त्याने सोंगट्यांचा पट बाजूला सरकवला, "डोकं ओलं असतं."

"ओलं?" यानिस शिंपी घाबरलाच. "या थंडीत?"

"ओलं, आणि भांग पाडलेला. गाल लाल. साबणाचा वास."

ओल्या डोक्याने थंडीत हिंडणं म्हणजे आपल्या माणसांत बाईपेक्षा मोठं पाप. त्यामुळे पहिली दहा मिनिटं चर्चा न्यूमोनियावर झाली. बाईवर यायला जरा वेळ लागला, पण आली ती मग उठेचना.

थ्रासोस अर्धवट काम करणारा माणूस नव्हता. पुढच्या मंगळवारी तो पांदेलीसच्या मागच्या डब्यात चढला, टोपी कपाळावर ओढून. तिसऱ्या थांब्यावर, चर्चपाशी, पांदेलीस उतरला. काठी टेकत, कठड्याला धरत मागच्या गल्लीत वळला आणि निळ्या फाटकाच्या घरात शिरला. घर एव्दोकियाबाईचं. ही एव्दोकिया एकोणऐंशी वर्षांची. चर्चमधले भजनकरी इसिदोरोस यांची विधवा. अकरा वर्षं काळ्याशिवाय दुसरा रंग अंगाला न लावलेली, आणि दर रविवारी प्रसादाचा पाव स्वतःच्या हाताने भाजून नेणारी.

"एव्दोकिया!" यानिस म्हणाला. "अरे, ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही."

"तुझ्याकडे बघण्यासारखं काय आहे?" थ्रासोस म्हणाला. "पिशवीतून पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचं टोक दिसत होतं. सांग, काय असेल?"

सगळे विचारात पडले.

"पायजमा!" थ्रासोसनेच उत्तर दिलं, आणि आपल्या मण्यांची माळ टेबलावर आपटली.

खिडकीतल्या त्या टेबलावर चौघे बसत. चौघांत मिळून तीन बायपास, तीन मधुमेह, दोन नकली गुडघे आणि पांदेलीसचं अर्धं फुप्फुस. उरलेलं अर्धं त्याने एकतीस वर्षांत मोटारींच्या कारखान्यातल्या ओतशाळेला देऊन टाकलं होतं. चौघांच्या गोळ्या एकत्र ओतल्या असत्या तर बशी भरली असती. मेलेला मात्र एकही नाही. पांदेलीसबरोबर कारखान्यातून निवृत्त झालेले धडधाकट, गोरेपान ऑस्ट्रेलियन कधीच मातीखाली गेले होते, आणि त्या प्रत्येकाच्या अंत्यविधीला पांदेलीस आपला एकमेव सूट घालून जाऊन आला होता.

या प्रकाराचा शोध घ्यायला एकदा विद्यापीठातून एक तरुण डॉक्टरीणबाई आली होती. एवढे आजारी म्हातारे एवढे जगतात कसे, असा तिचा प्रश्न. दुभाष्या अर्थातच थ्रासोस. तिने तेल विचारलं, मासे विचारले, उपासाचे दिवस विचारले, मेरी नावाच्या ओढ्याकाठी हे लोक सुरी घेऊन जी रानभाजी खुडतात तिचं नाव विचारलं. शेवटी पांदेलीसला म्हणाली, तुम्ही रोज काय करता ते सांगा.

पांदेलीसने मान हलवली. "सकाळी उठतो. बागेला पाणी घालतो. मग आपल्या पेपरात कोण मेलं ते वाचतो. त्यात मी नसतो. मग कॉफी पितो."

थ्रासोसने ते शब्दाशब्दाने सांगितलं, आणि बाईने ते शब्दाशब्दाने लिहून घेतलं.

गेल्या चार वर्षांत त्या टेबलावरच्या दोनच खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या, आणि दोन्ही एकाच वाटेने. लेफ्तेरीस स्वयंपाकघरात पडला, पोरांनी त्याला होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात ठेवलं, पाचव्या महिन्यात गेला. मिखालीस बसच्या पायरीवरून पडला. तो दोन महिनेही टिकला नाही. होम वाईट नव्हतं. आपलीच माणसं चालवत, रविवारी पाद्री येत, शुक्रवारी मसूर मिळे. पण बाहेर सगळं सिमेंट होतं, आणि दारातल्या कुंडीतलं लिंबाचं झाड प्लास्टिकचं. पांदेलीसने लेफ्तेरीसला भेटायला गेल्यावर त्या झाडाचं पान बोटांत चुरडून नाकाशी नेलं होतं. तेव्हापासून त्या टेबलावर 'पडलो' हा शब्द कुणी उच्चारत नसे. कपाळाला टेंगूळ आलं तर कपाटाचं दार लागलं, आणि हात काळानिळा झाला तर नातवाने दंगामस्ती केली.

पांदेलीसची मुलगी क्रिसूला वाईट होती असं कुणी म्हणू नये. साठीची बाई, शाळेत मुख्याध्यापिका होती. आई मारियांथी गेल्यापासून सहा वर्षं दर गुरुवारी बापाच्या घरी डबा घेऊन येई, स्वयंपाकघर आवरून जाई. पण तिची झोप उडालेली असायची. एक्क्याण्णव वर्षांचा माणूस, एकटा, घरामागे अर्धा एकर वाटावी अशी बाग, तिच्यात वाफे, पाइप, शिड्या. तिने होममध्ये नाव घालून ठेवलं होतं. खोली मोकळी झाली होती. सोमवारी सरकारी बाई घरी येऊन बापाची तपासणी करणार होती: चालता येतं का, जेवण करता येतं का, स्वतःचं स्वतः आवरता येतं का. पांदेलीसला हे सगळं माहीत होतं, टेबलाला माहीत होतं, आणि सोमवारचं नाव निघालं की पांदेलीस फासे नुसतेच हातात घोळवत बसे.

त्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारी क्रिसूला मंडळात आली. मंडळात बायका येत नाहीत. मज्जाव कुठे लिहिलेला नाही, पण येत नाहीत. दार उघडलं तसा फाशांचा आवाज थांबला. ती सरळ खिडकीतल्या टेबलापाशी आली.

"बाबा, तुमच्या टबात कोळ्याने जाळं विणलंय."

"मग काढ," पांदेलीस म्हणाला.

"चांगलं जुनं जाळं आहे. साबणाला भेगा पडल्यात. न्हाणीघरातला टॉवेल मी ईस्टरला घडी करून ठेवला तशीच घडी आहे. बाबा, तुम्ही किती महिने अंघोळ केलेली नाही?"

चारचौघांत, आणि तेही आपल्या माणसांसमोर. पांदेलीसचे कान तापले. क्रिसूलाचे डोळे भरले होते, पण आवाज शाळेतलाच होता. "मला सोमवारी त्या बाईला सांगावं लागेल. मी खोटं नाही बोलणार. माणूस अंघोळ विसरला की पुढे काय विसरतो ते मला माहीत आहे."

थ्रासोसला हे ऐकवेना. मित्र म्हणून ऐकवेना, आणि खरं सांगायचं तर एवढा मोठा ऐवज पोटात असताना गप्प बसणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

"अगं, विसरला कुठला!" तो म्हणाला. "तुझा बाप आठवड्यातून दोनदा अंघोळ करतो, आणि भांग पाडून येतो. फक्त आपल्या घरी करत नाही!"

"म्हणजे?"

यानिसने टेबलाखालून त्याच्या नकली गुडघ्यावर लाथ मारली. नकली गुडघ्याला काय कळणार?

"म्हणजे चर्चमागे, निळ्या फाटकात," थ्रासोस म्हणाला. "मंगळवार-शनिवार."

मंडळातले सगळे एकदम आपापल्या कॉफीत बघू लागले. क्रिसूलाने बापाकडे पाहिलं. वास तर तिलाही येतच होता, लॅव्हेंडरचा. बाप स्वच्छ होता, नखंसुद्धा कापलेली. हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

"एव्दोकियाबाई?" ती हळूच म्हणाली. "आईच्या श्राद्धाला ज्यांनी गव्हाचा प्रसाद केला होता, त्या?"

पांदेलीसने फाशांकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. थ्रासोसला वाटलं, आता हा उठणार आणि माझ्या तोंडावर पट मारणार.

"हो," पांदेलीस म्हणाला. "त्याच."

क्रिसूला आली तशी गेली. दार लागल्यावर यानिस म्हणाला, "बाबा रे, त्या डॉक्टरणीला परत बोलवा. रानभाजी खोडा म्हणावं आणि हे लिहा." सगळे हसले. पांदेलीस हसला नाही. डाव तसाच टाकून तो लवकर घरी गेला.

थ्रासोसला दोन रात्री झोप लागली नाही. बातमी खरी ठरल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण बत्तीस वर्षं लोकांचे चेहरे बघून कोण कुठे उतरणार हे ओळखणारा माणूस तो, आणि पांदेलीसचा तो 'हो' त्याला चोराचाही वाटला नव्हता आणि प्रियकराचाही. शनिवारी अकराला तो बागेतली लिंबं पिशवीत घालून निळ्या फाटकाशी गेला. कारण ठरवलं होतं माफीचं. इच्छा होती तपशिलांची.

एव्दोकियाबाईने दार उघडलं. काळा झगा, काळा रुमाल, हाताला पीठ.

"या," ती म्हणाली. "तुम्ही येणार हे माहीत होतं. उशीर केलात."

तिने त्याला स्वयंपाकघरात बसवलं, कडू संत्र्याच्या सालीचा मुरांबा चमच्याने बशीत वाढला, शेजारी पाण्याचा ग्लास ठेवला. मधल्या बोळातून पाणी पडल्याचा आवाज येत होता. थ्रासोस मुरांबा खायचं विसरला.

"पांदेलीस!" एव्दोकियाबाईने बोळाकडे तोंड करून हाक मारली. "जिवंत आहात का?"

"आहे, बाई!" आतून आवाज आला.

"पाठ झाली?"

"होतेय!"

ती वळली आणि पीठ मळायला लागली. पुन्हा थोड्या वेळाने, घड्याळाकडे न बघता, हात पिठात तसेच ठेवून: "पांदेलीस! जिवंत आहात का?"

"आहे, आहे! डोळ्यांत साबण गेलाय!"

"जाऊ दे. जिवंत माणसाच्याच जातो."

असं चार वेळा झालं. थ्रासोस ऐकत राहिला. बोळाच्या टोकाला दार लोटलेलं होतं, कडी न लावलेलं. दाराबाहेर खुंटीवर पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल. त्याला कुणी काही समजावून सांगितलं नाही, आणि गरजही नव्हती.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "मी तर सगळ्या गावाला..."

"कळलं मला. गेल्या दोन रविवारी माझा पाव घेतला नाही चर्चमध्ये. पाद्रीणबाई म्हणाल्या, आता दुसऱ्यांनाही संधी देऊ. माझ्या बाकावर शेजारी कुणी बसत नाही. पर्स ठेवायला जागा झाली."

"मी आजच जाऊन सांगतो. खरं काय ते. उद्या चर्चच्या दारात उभा राहून सांगतो!"

"खबरदार," एव्दोकियाबाई म्हणाली, आणि पिठाचा हात त्याच्याकडे रोखला. "आयुष्यात एकदा तोंड उपयोगाला आलंय, आता मिटू नका. खरं कळलं तर सोमवारची ती बाई काय लिहील?"

थ्रासोसने मुरांब्याची बशी बाजूला सरकवली.

"माझ्या इसिदोरोसना मी होममध्ये ठेवलं होतं," ती म्हणाली. "दोन वर्षं. मला उचलवत नव्हते. रोज दोन ट्राम बदलून जायचे. तिथे बुधवारी अंघोळ असायची, सकाळी साडेसहाला, पाळीने. चांगल्या मुली होत्या, हसऱ्या. पण ते भिंतीकडे तोंड करून बसायचे, बुधवारी दिवसभर. आणि मला विचारायचे, एव्दोकिया, आपल्या घरी पाणी आहे ना गं?" तिने पिठाला एक गुद्दा घातला. "मला लोक सत्तर वर्षं सच्छील म्हणत आले. तेवढं पुरे झालं. आता थोडं दुसरं म्हणू देत."

पाणी थांबलं. थोड्या वेळाने पांदेलीस बाहेर आला. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पांढरे केस ओले. थ्रासोसला बघून तो दारातच थांबला.

"लिंबं आणलीत," थ्रासोस म्हणाला.

"तुझ्या झाडाची? आंबट नसतात ती," पांदेलीस म्हणाला, आणि खुर्चीत बसला.

दोघं एकाच ट्रामने परतले. थ्रासोसने त्याला खिडकीची जागा दिली आणि आपली टोपी काढून त्याच्या डोक्यावर घातली.

"घरी भिंतीला दांडा लावून घे ना, गाढवा," तो म्हणाला.

"लावला होता. आपली भिंत पोकळ. ओढल्याबरोबर स्क्रूसकट हातात आला." पांदेलीसने तळवा उघडून दाखवला, जणू स्क्रू अजून तिथेच होता. "माणूस बोलावला, तर तो आधी क्रिसूलाला फोन करणार. मग ती रडणार. मग मी हो म्हणणार. ती रडली की मला नाही म्हणता येत नाही रे, तिच्या लहानपणापासून."

"आणि एव्दोकियाबाईला कसं विचारलंस?"

"नाही विचारलं. चर्चमध्ये माझ्या अंगाला वास आला तिला. तीच म्हणाली, शनिवारी या."

रविवारी प्रार्थना सुटल्यावर क्रिसूलाने थ्रासोसला चर्चच्या पायरीवर गाठलं. तिचा चेहरा रात्रभर जागल्यासारखा होता.

"थ्रासोसकाका, माझ्याशी खरं बोला. उद्या सकाळी नऊला ती बाई येतेय. बाबा मला बरं वाटावं म्हणून काहीही म्हणतील. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत का?"

थ्रासोसने आयुष्यात हजार गोष्टी न पाहता शपथेवर सांगितल्या होत्या. ही पहिलीच, जी त्याने पाहिली होती आणि जिच्याबद्दल खोटं बोलायचं होतं. त्याने टोपी छातीशी धरली.

"पोरी, काय सांगू! काल मी स्वतः गेलो होतो तिथे, लिंबं द्यायला. ती आतून हाका मारतेय, पांदेलीस, पांदेलीस. तो म्हणतोय, आलो, आलो. मला मुरांबा उतरेना घशाखाली. तुझा बाप म्हणजे पंचविशीतला खलाशी झालाय. त्याला होममध्ये ठेवशील तर तिथल्या म्हाताऱ्या दंगा करतील. पाद्री राजीनामा देईल."

क्रिसूलाला हसू आलं, आणि हसता हसता रडू. तिने रुमालाने नाक पुसलं. समोर बायकांचा घोळका उभा होता, आणि घोळक्यापासून चार हात लांब, एकटी, पर्स पोटाशी धरून एव्दोकियाबाई. क्रिसूला घोळक्याला ओलांडून सरळ तिच्यापाशी गेली. सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या, म्हणजे पुढचं नीट ऐकू यावं म्हणून.

"एव्दोकियाबाई," क्रिसूला म्हणाली, "एक विनंती आहे."

"बोल, बाळ."

"त्यांना ओल्या डोक्याने बाहेर सोडू नका हो. थंडी आहे. फुप्फुस अर्धंच आहे त्यांचं. केस वाळवून पाठवत जा."

एव्दोकियाबाईने मान हलवली. "वाळवते," ती म्हणाली. क्रिसूलाने वाकून तिच्या गालाचं चुंबन घेतलं, दोन्ही बाजूंना, सगळ्या चर्चसमोर. मग पायरी उतरून तिने फोन काढला, सोमवारच्या त्या बाईसाठी निरोप ठेवला: सध्या नको, वडील ठीक आहेत, गरज पडली तर कळवू.

पांदेलीस हे सगळं लांबून, पाद्र्याच्या गुलाबाच्या वाफ्यातलं तण उपटत बघत होता.

खरं होतं ते एवढंच. मार्चमधल्या एका दुपारी पांदेलीस आपल्या घरच्या टबात पडला आणि साडेचार तास तिथेच पडून राहिला. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर त्याचा उजवा पाय टबाच्या काठावरून पलीकडे जाईना. एव्दोकियाबाईच्या न्हाणीघरात टब नव्हता, आणि भिंतीला लोखंडी दांडा होता. तो आठवड्यातून दोनदा तिच्या घरी अंघोळीला जात असे, आणि ती दाराबाहेर, हाकेच्या अंतरावर थांबत असे.